गप्प बसायला पुण्याला

पुण्याहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "मग काय काय पाहिलं?" शनिवारवाडा पाहिला का? पाहिला, बाहेरून, रस्ता ओलांडताना, तोही जीव मुठीत धरून. पर्वती? नाही. सारसबाग? नाही. "मग इतके दिवस केलं तरी काय तुम्ही?" गप्प बसले. थट्टा नाही, खरंच सांगते. पुण्याच्या मुक्कामातला बराचसा वेळ मी तोंड मिटून खुर्चीवर बसून काढला, आणि त्या बसण्यानं माझ्या छातीत जी धडधड झाली ती परीक्षेच्या निकालालाही कधी झाली नव्हती. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

निघण्याआधी, देसाईगंज

मी देसाईगंजला मुलांना कॉम्प्युटर शिकवते. माझ्या थोरल्या भावाची बायको, शालू वहिनी, कुरखेड्याच्या बाजूच्या एका लहान गावात आशाताई आहे, घरोघर औषधं पोचवणारी. आमच्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ. त्या मुलांना रोज एक पिवळी गोळी द्यावी लागते, चुकवून चालत नाही. कुणाला दिली, कुणाची राहिली, हे वहिनी फोनवर 'गोळीवेळ' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवते.

हे 'गोळीवेळ' पुण्याच्या काही मंडळींनी बनवलं. मुक्तस्रोत आहे. म्हणजे फुकट तर आहेच, पण ते आतून कसं बांधलंय हे कुणालाही उघडून वाचता येतं, आणि सुधारणा करून पाठवता येते. ती घ्यायची की नाही हे मूळ मंडळी ठरवतात. मी एकदा चिडून त्यांना लिहिलं होतं की तुमचं बटण आमच्याकडच्या उन्हात दिसत नाही. उत्तर आलं, "दिसेल असं करून पाठवा." इतका राग आला म्हणून सांगू! त्या रागातच शिकले, करून पाठवलं, आणि त्यांनी ते घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्यातली एक झाले, पण चेहरा कुणाचाच पाहिलेला नव्हता.

आता घोळ असा झाला. एकाच नावाची माणसं सापडली की 'गोळीवेळ' गोंधळायचं. वहिनीच्या एका गल्लीतच तीन सुनीता आणि दोन अंकुश. तक्रारी सगळीकडून होत्या. त्यावर पुण्यात तोडगा निघाला, की नावावरून नको, फोन नंबरावरून माणूस ओळखायचा. एक नंबर, एक माणूस. मी ते वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीकडच्या सगळ्या पोरांचा नंबर एकच आहे, वहिनीचा. त्यांच्या घरी फोन कुठला? नवी आवृत्ती पुण्यात भरणाऱ्या आमच्या गटाच्या मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी सुटणार होती. ती फोनवर आपोआप उतरते. म्हणजे सोमवारी सकाळी सगळी पोरं मिळून एक पेशंट होणार, आणि एकाला गोळी दिली की सगळ्यांना दिली असं दिसणार.

मी कळकळीनं लिहिलं. मुख्य माणूस लिमये सर, त्यांचं उत्तर आलं, "मुद्दा कळला. मेळाव्यात पाहू." बस्स, एवढंच. मग मी स्वतःच दुसरा उपाय करून पाठवला. प्रत्येक मुलाचा फोटो काढायचा, फोटो दाबला की नोंद. वहिनीला बारीक अक्षरं वाचायचाही त्रास नाही. मला तो फार आवडला होता, खोटं कशाला बोलू.

आणि मेळाव्याचं बोलावणं आलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, "आपल्या येण्याने मेळाव्याला विविधता येईल." हे वाक्य मला खटकलं. म्हणजे मला कशासाठी बोलावलं? कामासाठी, की फोटोत एक लांबची बाई दिसावी म्हणून? यजमान म्हणाले, "जा नं, पुणं त पाहणं होईल." जावं की नको करत तिकीट काढलं.

शुक्रवार, कर्वेनगर

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, झोप आली नाही एवढंच. पुण्यात उतरले ती संध्याकाळ होती. गाड्यांवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून वाऱ्यासारख्या जात होत्या. रिक्षावाल्याला पत्ता नीट सांगितला तरी त्यानं विचारलं, "नक्की कर्वेनगरच ना? नंतर बदलू नका." मी काही केलं नव्हतं तरी मला अपराध्यासारखं वाटलं.

माझी उतरायची सोय मृणालताईंकडे होती. आमच्या गटातल्या त्या सगळ्यात बारकाईनं काम तपासणाऱ्या. दोन वर्षं आम्ही रोज लिहून बोलायचो. त्यांनी दार उघडलं, "या, बसा, चहा ठेवते" म्हणाल्या आणि आत गेल्या. घरात अंधार. मला वाटलं लाइट गेली असेल. मग समोरच्या इमारतीत दिवे दिसले. मग वाटलं, पुण्याचे लोक काटकसरी असतात असं ऐकलंय, हे त्यातलंच असेल. पाहुणीनं दिवा लावा असं कसं म्हणायचं? बसले तशीच. आतून भांड्यांचे आवाज येत होते, सगळं झपाझप चाललं होतं. त्यांनी चहा आणून पुढ्यात ठेवला, मी अंदाजानं हात पुढे केला आणि कप आडवा.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या, "दिवे लावायचे राहिलेच की! दाराच्या उजव्या हाताला बटण आहे. मला दिसत नाही हो, त्यामुळे लक्षात राहत नाही. सांगायचं नाही का?"

मी दिवा लावला. दोन वर्षं जिच्याशी रोज बोलत होते ती बाई आंधळी आहे हे मला त्या बटणानं कळलं. त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. का लिहावं? त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो, कामात कुठे अडत नव्हतं.

"लाइट गेली असं वाटलं मला," मी म्हटलं.

"आणि बसून राहिलात? कमाल आहे!"

दोघी हसलो. हसता हसता माझं हसू एकदम थांबलं, कारण मला माझे फोटो आठवले.

जेवायला गोडसर आमटी, मटकीची उसळ आणि पोळ्या होत्या. आमच्याकडे पाहुण्याला विचारत नाहीत, वाढतात, आणि तो हात आडवा धरून ओरडतो तरी वाढतात. इथे त्यांनी विचारलं, "अजून पोळी?" मी रीतीप्रमाणे "नको" म्हटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. अर्धपोटी उठले. पण भुकेचं मला काही वाटत नव्हतं. सांगावं का त्यांना? की बाई गं, उद्या माझा जो बदल तुम्ही सगळे पाहणार आहात त्यात नुसते फोटो आहेत? जिभेवर आलं आणि परत गेलं.

शनिवार, शनिवार पेठ

मेळावा शनिवार पेठेतल्या एका शिकवणीच्या वर्गात होता, पहिल्या मजल्यावर. खाली पुस्तकं-वह्यांचं दुकान. वीस-पंचवीस माणसं असतील. लिमये सर सत्तरीचे, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. 'गोळीवेळ' त्यांनी बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सुरू केलं आणि त्यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी वाढवलं. मला पाहून म्हणाले, "आपण आलात. बरं झालं. बसा. खुर्च्या त्याचसाठी आहेत."

मग त्यांनी इथली रीत सांगितली. एखाद्यानं बदल लिहिला की तो दुसऱ्यानं सगळ्यांसमोर वापरायचा. लिहिणाऱ्यानं तोवर गप्प बसायचं. हूं नाही की चूं नाही. हातवारे नाहीत. "आणि चेहराही शक्यतो करू नये," सर म्हणाले.

"पण समोरच्याचं चुकलं तर?" मी विचारलं.

"त्याचं नाही चुकत. आपलं चुकतं. उद्या हे घरोघरी जाईल. आपण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात उभं राहून 'तिथे नाही, इथे दाबा' असं सांगणार आहात का?"

आणि पहिलाच बदल माझा निघाला. वापरणार मृणालताई.

त्यांनी फोन हातात घेतला. फोन वाचू लागला. "चित्र. चित्र. चित्र. चित्र. चित्र." वर्गात इतकी शांतता की खालच्या दुकानातला माणूस कुणाला तरी "सुटे द्या" म्हणत होता ते ऐकू आलं. मृणालताईंनी एक चित्र दाबलं. फोन म्हणाला, "नोंद झाली." कुणाची झाली ते देवाला ठाऊक. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "छान. सगळी मुलं अगदी सारखी आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. "मला माहीत नव्हतं हो ताई," असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. ओढणीचं टोक पिळत बसले. लिमये सरांनी शेरा टंकला आणि टंकताना मोठ्यानं वाचला, "अपात्र." दुसरा शब्द नाही.

जेवायला पोळीभाजीचे डबे होते. शेजारी सौरभ नावाचा तिशीतला मुलगा बसला होता, हिंजवडीला नोकरी करणारा, हुशार. मला धीर द्यायचा म्हणून म्हणाला, "मॅडम, डोन्ट टेक इट पर्सनली. कोड इज कोड. कोण कुठनं आलंय, बाई आहे, बुवा आहे, व्हॉट डिफरन्स डझ इट मेक? डायव्हर्सिटी वगैरे बॅनरवर ठीक आहे."

लिमये सर पलीकडे ताक पीत होते. म्हणाले, "सुरुवातीला आम्ही सगळे एकाच वर्गातले होतो. एकाच प्रकारचे विनोद करायचो. भांडण म्हणून कधी झालं नाही. वापरणारे मात्र आमचेच काका-मामा. मग बाहेरची माणसं आली. रोज भांडणं. आणि वापर वाढला."

"म्हणजे बाहेरच्यांमुळे वाढला?" मी आशेनं विचारलं.

"की वापर वाढला म्हणून बाहेरचे आले? मी आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं की दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणू नये. तेव्हा मला विचारू नका." आणि ताक संपवून उठले.

मला सांगा, असं बोलल्यावर माणसानं पुढे काय करावं? मला वाटलं उठावं आणि स्टेशन गाठावं. पण वहिनीची पोरं डोळ्यापुढे येत होती.

जेवणानंतर सरांचाच बदल होता, फोन नंबरवाला. सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "आपण वापरा." स्वतः खुर्चीवर बसले, हाताची घडी घातली. आता गप्प बसायची पाळी त्यांची होती.

माझ्या फोनवरचं सगळ्यांना दिसावं म्हणून ते भिंतीवर पाडलं होतं. मी पहिली सुनीता भरली, वहिनीचा नंबर टाकला. दुसरी सुनीता भरली, तोच नंबर. भिंतीवर अक्षरं आली, "ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. माहिती अद्ययावत केली." पहिली सुनीता गेली. तिसरी भरली, दुसरी गेली. अंकुश भरला, सुनीताचा अंकुश झाला. मी नुसती भरत राहिले. शेवटी उरलेल्या एकाच मुलाला गोळी दिल्याची नोंद केली. भिंतीवर भली मोठी हिरवी खूण उमटली आणि खाली आलं, "आजच्या सर्व गोळ्या पूर्ण!"

कुणी हसलं नाही. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलायची मुभा मिळाल्यावर ते म्हणाले, "हिरवी खूण मीच सुचवली होती. फार सुबक झाली आहे."

मग त्यांनी वर्गाला विचारलं, "एका नंबरावर इतकी माणसं, हे आणखी कुणाच्या पाहण्यात आहे?" कुणी हात वर केला नाही. सौरभ आपल्या फोनमध्ये बघत होता.

"म्हणजे एकाच ठिकाणची अडचण आहे," सर म्हणाले. "तरी ती अडचण आहे. उद्या दुपारपर्यंत दुसरा उपाय आणा. रविवारची वेळ बदलता येणार नाही, इतर ठिकाणचे लोक खोळंबले आहेत. उपाय नसेल तर नंबर राहील, आणि आपल्या गावासाठी आपण सूचना लिहू."

सूचना! वहिनी सूचना वाचणार?

सौरभ मला त्याच्या गाडीवरून कर्वेनगरला सोडायला निघाला. नदी ओलांडून डेक्कनच्या गर्दीत अडकलो तेव्हा तो हेल्मेटातून म्हणाला, "मॅडम, एक सांगू? आमच्या घरीपण एकच फोन होता. माझी बारावी होईपर्यंत. चुलते, आज्जी, सगळ्यांचा नंबर तोच."

"कुठे?"

"लोणी काळभोरला. आज्जी अजून म्हणते, माझा नंबर हाय की, सौरभचाच."

माझं डोकं फिरलं. "मग सर विचारत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का रे तुझं?"

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी हा उभाच. मग म्हणाला, "तुम्हाला नाही कळणार. त्या रूममध्ये मी मोस्टली त्यांच्यासारखाच वाटतो सगळ्यांना. 'हाय'चं 'आहे' करायला मला चार वर्षं लागली. परत कशाला सांगायचं, गावचा आहे म्हणून?"

"वा रे वा! आणि दुपारी मला शिकवत होतास, कोण कुठून आलं यानं फरक पडत नाही म्हणून!"

रागावले मी, पण पुढे वाटभर मला तेच टोचत राहिलं. मी विविधतेच्या नावानं रुसून बसले होते, आणि हा मुलगा इतकी वर्षं त्याच वर्गात होता, सगळं माहीत असून. त्याला बसवून काय उपयोग झाला, जर त्यानं स्वतःचं घर दाराबाहेर ठेवलं होतं? आणि ते त्यानं का ठेवलं, हेही मला कळत होतं. भर वर्गात "छान, सगळी मुलं सारखी आहेत" असं ऐकून घ्यावं आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसावं, हे कुणाला हवंय?

मृणालताईंनी सौरभलाही चहाला थांबवून घेतलं. या वेळी दिवे लावलेले होते, सगळ्या खोल्यांतले, न्हाणीघरातलासुद्धा. मी सकाळची माफी मागायला लागले तर त्यांनी मध्येच तोडलं. "माफी कसली? मी लिहिलं होतं का तुम्हाला? उपाय बोला."

उपाय कुणालाच सुचत नव्हता. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. हात पोह्यांनी भरले होते म्हणून मी तो मोठ्या आवाजावर लावला.

"काय करून रायली वं मीना? जेवली काय? झालं काय आपलं काम?"

"नाही अजून, वहिनी."

"होईन होईन. इकडे आज लय धावपळ झाली. मोहाच्या झाडाजवळची त ठीक आहे, पण हांडेवाली सुनीता गोळी थुकून रायली. अन् सुक्राची लहानी गेली मामाच्या गावाले..."

वहिनीनं नेहमीसारखी गावभरची खबर दिली आणि ठेवला. मृणालताई हातातला कप तसाच धरून बसल्या होत्या.

"या कुणाबद्दल बोलत होत्या? मोहाच्या झाडाजवळची म्हणजे?"

"सुनीता. तीन आहेत ना. वहिनी त्यांना तशीच म्हणते. हांडेवाली म्हणजे हातात सारखा हंडा घेऊन फिरणारी."

"आणि त्यांची गफलत होते का कधी?"

"वहिनीची? छे! फोनची होते."

मृणालताईंनी कप ठेवला. "मग फोननं वहिनींच्याच आवाजात विचारावं की. त्यांनी एकदा म्हणून ठेवायचं, 'मोहाच्या झाडाजवळची'. रोज फोन तेवढंच ऐकवेल आणि विचारेल, गोळी दिली का. मला दिसायची गरज नाही. त्यांना वाचायची गरज नाही. नंबर एक असो नाहीतर नसो."

मला हे कधीच सुचलं नसतं, मी डोळ्यांनी विचार करते. आणि त्यांना मोहाच्या झाडाजवळची कुठून सुचणार? सौरभनं आधीच बॅग उघडली होती.

रविवार, पुन्हा शनिवार पेठ

सकाळपासून आम्ही तिघं वर्गाच्या कोपऱ्यात. काय काय बिघडलं ते विचारू नका. एकदा आवाजच साठेना. एकदा साठला तर सौरभचा आवाज सगळ्या पोरांच्या नावाला चिकटला. मी सारखी घड्याळाकडे बघत होते आणि मृणालताई म्हणत होत्या, "तुमचा श्वास मला इथवर ऐकू येतोय, जरा हळू घ्या." जेवणाच्या सुमाराला एकदाचं चालायला लागलं.

लिमये सर आले, पाहिलं, म्हणाले, "ठीक. वापरणार कोण? तुम्ही तिघं लिहिणारे. बाकीच्यांनी सकाळपासून तुमच्या खांद्यावरून सगळं पाहिलंय. न पाहिलेलं माणूस हवं."

आता इतक्या उशिरा माणूस आणायचं कुठून?

सौरभ उभा राहिला. मान खाली होती, पण आवाज नीट होता. "सर, काल तुम्ही विचारलं तेव्हा मी बोललो नाही. आमच्याकडेपण एकाच नंबरवर सगळं घर होतं. लोणीला. एकाच ठिकाणचा प्रॉब्लेम नाहीये तो." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आणि टेस्ट मॅडमच्या वहिनी करतील. त्यांच्याचसाठी आहे ना ते?"

"बोलवा," सर म्हणाले.

वहिनीच्या फोनवर नवी आवृत्ती पाठवली. बोलण्यासाठी तिनं शेजारच्या मास्तरांचा फोन मागून आणला. सौरभनं तिला सांगितलं, "वहिनी, तुम्ही तुम्हाला जमेल तसं करा. आम्ही कुणी काही बोलणार नाही."

"कायले? भांडण झालं काय?" वहिनीनं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. रीत सुरू झाली होती.

वर्गाच्या मध्ये टेबलावर माझा फोन, मोठ्या आवाजावर. भिंतीवर काही नाही. तिच्या हातात काय चाललंय हे आता कुणालाच दिसत नव्हतं, मृणालताईंना आणि आम्हाला सारखंच. नुसतं ऐकायचं. एक कोंबडी ओरडत होती. मग वहिनीचा आवाज, एकेक नाव म्हणून ठेवत, शाळेत हजेरी घेतल्यासारखा मोठ्यानं. "मोहाच्या झाडाजवळची सुनीता. हांडेवाली सुनीता..." सगळी नावं होईपर्यंत बरं चाललं. मग थांबली.

"आता कुटं दाबू वं?"

कुणी बोललं नाही.

"मीना? अवं सांग नं. इथं दोन दोन दिसून रायले. कोन्तं दाबू?"

खालचं, वहिनी, खालचं! माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तोंडावर हात दाबून धरला. मृणालताईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. वहिनी माझ्यावर चिडली असणार, नणंद पुण्याला जाऊन शिष्ट झाली म्हणून. आता हिनं कंटाळून ठेवला तर? चुकीचं दाबलं तर? मी डोळे मिटून घेतले.

"हं. हे दाबून पाहतो."

आणि दुसऱ्या क्षणी टेबलावरच्या फोनमधून वहिनीचाच आवाज आला, जरा बारीक होऊन. "मोहाच्या झाडाजवळची सुनीता." आणि मग 'गोळीवेळ'चा ठरलेला आवाज, "गोळी दिली?"

"अय बाप्पा! हा त माहाच आवाज व्हय!" वहिनी खदखदून हसली. वर्गात पंचवीस माणसं ओठ दाबून बसली होती. "दिली, बाप्पा, दिली." दाबलं. पुढची. "हांडेवाली सुनीता. गोळी दिली?" "दिली, थुकली, परत दिली." दाबलं. तिसरी सुनीता, मग अंकुश, मग दुसरा अंकुश. ती आता भराभर चालली होती. मी डोळे उघडले. सरांनी पुढे झुकून फोनजवळ कान नेला होता.

"सुक्राची लहानी. गोळी दिली?"

वहिनी काही बोलली नाही. कोंबडीही गप्प होती. मला वाटलं फोन कटला.

"थांब," वहिनी म्हणाली, आमच्याशी नव्हे, स्वतःशीच. "ते त सकाळी आली मामाच्या गावाहून. मी तिले दिलीच नाई. अय बाप्पा, रायलीच की वो तिची! कालची बी गेली असन. मास्तर, हा घ्या तुमचा फोन, मी येतो जाऊन." भांडं पडल्याचा आवाज आला, चपला फटफटत लांब गेल्या. मग एक पुरुषी आवाज, गोंधळलेला. "हॅलो? त्या त गेल्या." आणि फोन बंद झाला.

आम्ही तिघं लिहिणारे, आम्हाला तर बोलायचंच नव्हतं. सरांनी फोनजवळचा कान काढला. मग कॉम्प्युटर पुढे ओढला आणि टंकता टंकता शेरा वाचला. "चाचणी अपूर्ण. वापरणाऱ्या बाई मध्येच उठून गोळी द्यायला गेल्या. बदल मंजूर."

मग त्यांनी मान वर केली. "मीनाताई, आता आपण बोलू शकता."

मी तोंड उघडलं आणि रडायला लागले.